पेला पुढे दिला

बुध. ३ सप्टेंबर १९५८, मारेगाव

दवाखान्यात गर्दी. हिवताप, खरूज, एक विंचू चावलेला. दुपारी मार्थाबाईच्या घरी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायांची प्रार्थना. आठ जणी होतो. मार्थाबाईनं नेहमीसारखं विचारलं, कोणाची काही विनंती? सगळ्या गप्प. मंग मी शमीमसाठी विनंती केली.

शमीम म्हणजे भिंतीपलीकडच्या जुलेखाआपाची पोरगी. तिले राजूरहून स्थळ आलं आहे, पोरगा कोळशाच्या खाणीत फिटर, माणसं बरी. पोरीले लहानपणी तापात फिट यायची, सहा-सात वर्षांची होईतो. आपाले धाक, की लग्नानंतर पुन्हा उठली तं? परवा भिंतीच्या भगदाडातून तिनं मले विचारलं. "कोणापाशी बोलू नको बाई, तू नर्स म्हणून विचारून राह्यली." मी सांगतलं, तापातली फिट वेगळी आन् मिरगी वेगळी, आता काही होत नाही.

प्रार्थना फार छान झाली. मार्थाबाईचे डोळे भरून आले. घरी येताना मन हलकं होतं.

जी. एक. (कंपाउंडरले मठ्ठ म्हटलं.) जीभ घसरली की वहीत ही खूण, लग्नापासून चालू आहे. मास्तर अजून हसतात. नवरा झाला म्हणून हसायचं काय त्यात.

रवि. ७ सप्टें.

महिन्याचा पहिला रविवार. पाद्रीसाहेब वणीहून सायकलीवर आले, धोतर चिखलानं भरलेलं. प्रभुभोजन: भाकरीचा तुकडा, मंग एकच पेला, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. आधी त्यांनी नेहमीचं सांगतलं: ज्याच्या मनात कोणाविषयी काही अडलं असेल त्यानं पेला न पिता पुढे द्यावा आन् आधी ते मिटवून यावं. अकरा वर्षांत कोणी पुढे दिलेला मी तरी पाह्यला नाही. पेल्यातला मनुकांचा रस मार्थाबाई उकळते, आज छान गोड होता.

सांजेले मास्तरांनी भजे मागितले. केले. सुखाचा दिवस.

मंगळ. २३ सप्टें.

राजूरवाले गप्प झाले. तारीख काढायला येणार होते ते आलेच नाही. आज निरोप आला, "पोरीच्या तब्येतीचं आमच्या कानावर आलं आहे, विचार करून कळवतो."

आपा भगदाडापाशी उभी राहून रडली. "कोणी सांगतलं असंन, बाई? तुले आन् मले सोडून कोणाले ठाव?" मंग स्वतःच म्हणे, "माह्या जावेचं काम आहे हे. तिनं लहानपणी पाह्यलं होतं."

माझी जीभ जिथं चालायची तिथं चिकटून बसली. साखर मागायला आलती ती, वाटीभर दिली.

शुक्र. ३ ऑक्टो.

आपा जावेशी बोलत नाही. काल भर रस्त्यात जावेनं हाक मारली तं ही तोंड फिरवून गेली.

मास्तरांना सगळं सांगतलं. ते वह्या तपासत होते. म्हणाले, "तू तं प्रार्थनेतच बोलली ना?" हाव. प्रार्थनेतच. हेच मले दहा दिवसांपासून पुरलं होतं, आज पुरलं नाही.

रवि. ५ ऑक्टो.

पेला हाती आला. मी तो न पिता पुढे दिला.

मास्तरांनी तो घेतला. दानिएलकाका, मंडळीचे पंच, भाकरीची थाळी घेऊन उभे होते ते तसेच उभे राह्यले. गाणं सुरू झालं तरी बाया वळून वळून पाहत होत्या. जेवताना मास्तर म्हणाले, "बरं केलं." एवढंच.

सोम. ६ ऑक्टो.

सकाळीच दानिएलकाका दारात, हातात कोहळं. बसले, घसा साफ केला. म्हणाले, "बाई, तुमच्या कानावर गेलं हे मले माहीत नव्हतं."

काय गेलं?

"मागच्या नाताळच्या गाण्यांच्या वेळी मी म्हटलं होतं ना, रूथबाईले मागच्या रांगेत बसवा, आवाज फाटका आहे म्हणून. माफ करा. पेला सोडू नका माह्यापायी."

मले यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. मी म्हटलं, माफ केलं काका, माझं कारण दुसरं आहे. कोहळं ठेवून गेले. मंग दिवसभर डोक्यात तेच. रात्री मास्तरांना विचारलं, माझा आवाज फाटका आहे का? ते म्हणाले, "कोहळ्याच्या भाजीत मीठ एकदम बरोबर आहे."

जी. दोन. दोन्ही मास्तरांवर.

गुरु. ९ ऑक्टो.

आज मार्थाबाई. पदरात तोंड घालून रडायला लागली, मले वाटलं कोणी गेलं. "रूथ, तुले कळलं म्हणूनच तू पेला सोडला ना? मीच ते राजूरले सांगतलं."

तिची बहीण राजूरले असते. तिथंबी बायांची प्रार्थना भरते. मार्थाबाईनं बहिणीले चिठ्ठी पाठवली, मारेगावच्या एका पोरीसाठी तुम्हीबी प्रार्थना करा, नाव शमीम, रोग अमुक, स्थळ तुमच्याच गावचं. त्यांनी केली. मनापासून केली. आन् प्रार्थनेतली एक बाई नवऱ्या मुलाच्या फूफीच्या, म्हणजे आत्याच्या, शेजारी राहते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द ओठावर होते, मार्थाबाई, तुमच्या तोंडाले काही झाकण आहे का नाही? पण तिनं जे केलं ते मीच आधी केलं होतं, सतरंजीवर बसून, डोळे मिटून. तिले पाणी दिलं. जाताना म्हणे, "आपाले माह्यं नाव नको सांगू वो." नाही सांगणार, म्हटलं. हे म्हणताना लई जड गेलं. आपापाशी जाऊन मार्थाबाईचं नाव घेतलं असतं तं माझं अर्धं ओझं गेलं असतं.

शनि. ११ ऑक्टो.

पहाटे बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बैलगाडी आली. तांड्याचा मुखिया नाईक, त्याची सून पहिलटकरीण, वेदना सुरू. दुपारी मुलगी झाली, चांगली सात पौंडाची, रडली अशी की कुत्रे भुंकले. सगळे खूष. म्हातारीनं गूळ-भाकर दिली. मंग हळूच विचारते, "पलीकडच्या तांड्यावर तू मागच्या महिन्यात कोणाचं बाळंतपण केलं?" म्हटलं, माय, मले काही आठवत नाही.

गाडीत परत येताना हसू आलं, मंग रडू. वीस वर्षं बाळंतपणं करून राह्यली. किती घरांच्या किती गोष्टी पोटात आहेत, एकबी कधी बाहेर आली नाही. आन् आली ती देवासमोर. देवाचं नाव घेऊन तोंड उघडलं की मले वाटते, आता बोलणारी मी नाहीच. म्हणून जिभेवर पहारा नव्हता. या वहीत इतक्या जी. आहेत, पण ३ सप्टेंबरले ती खूण कंपाउंडरसाठी आहे. शमीमसाठी केलीच नाही.

आज मागं जाऊन केली.

मंगळ. १४ ऑक्टो.

सांगतलं.

भगदाडातून नाही, रस्त्यानं समोरच्या दारातून गेली. आपा डाळ पाखडत होती. उभ्यानंच सांगतलं, आपा, तुह्या जावेनं नाही, मी. आमच्या बायांच्या प्रार्थनेत मी शमीमचं नाव घेतलं. तिथून ते राजूरले गेलं.

सूप तिनं खाली ठेवलं नाही, पाखडत राह्यली. पाखडता पाखडताच: "राजूरले कोणी नेलं?"

"सुरुवात माझी. पुढचं नाव विचारू नको आपा."

"तीन आठवडे मी माह्या सख्ख्या जावेशी बोलली नाही. तुह्यावर भरोसा होता म्हणून तिच्यावर शक घेतला." मंग सूप ठेवलं. "ऐक बाई. आता माह्या पोरीचं नाव कोणापाशी काढू नको. वाईट नको, चांगलंबी नको. तुह्या देवापाशीबी नको. जा आता."

आली. माफी मागायची राहूनच गेली असं घरी आल्यावर वाटलं. मागितली होती का? आठवत नाही.

बुध. १५ ऑक्टो.

भगदाडाले पत्रा लागला. आपाचा नवरा करीमभाई, चौकात सायकली दुरुस्त करतो, त्यानं दुकानाची जुनी पाटी आणून विटांवर टेकवली. माझ्याकडं पाहत नव्हता बिचारा. "तिनं सांगतलं म्हणून, बाई." माझ्या बाजूनं "पंक्चर काढून मि" एवढं वाचता येते. आता रोज भांडी घासताना हेच वाचायचं.

आपा सांजेले जावेकडं गेली. हे बरं झालं.

रवि. २ नोव्हें.

पेला पुन्हा पुढे दिला. या वेळी कोणी वळून पाह्यलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

पाद्रीसाहेबांनी कडुनिंबाखाली थांबवलं. मी नावं न घेता जेवढं सांगता येईल तेवढं सांगतलं. म्हणाले, "तुम्ही जाऊन कबूल केलं, तुमचं काम झालं. पुढच्या महिन्यात पेला घ्या."

"माझं झालं साहेब. तिचं कुठं झालं?"

"मंडळीतली आहे का?"

"नाही."

"मंग..." असं म्हणाले आन् सायकलीची चैन पाहत बसले. चैन काही उतरली नव्हती. मंग म्हणाले, "नाही, तुमचं बरोबर आहे." भला माणूस.

गुरु. १३ नोव्हें.

दिवाळी आटोपली. कापूस घरोघरी यायला लागला, दवाखान्यात बोटं चिरलेल्या बाया. मास्तरांच्या शाळेले सुटी, ते अंगणात वाफे करून राह्यले. आपाचा आवाज पत्र्यापलीकडून येतो, कोंबड्यांना बोलते ते. मले तेवढाबी बरा वाटते. शमीमचं नाव मी देवापाशी घेत नाही, आपानं मना केलं आहे. घ्यायला गेली तं तोंड बंद करून नुसती बसते. त्याले काय समजायचं ते समजते.

शनि. २२ नोव्हें.

दवाखान्यात एक बाई आली, बुरखा, पायात चांगले जोडे. नाडी दाखवली, नाडी ठीक. मंग दार लावून म्हणे, "मैं राजूरवाले लडके की फूफी. नर्सबाई, तुम्ही भिंतीले भिंत लावून राहता. खरं सांगा, पोरीले काय आहे?"

किती सोपं होतं. तापातली फिट, बारा वर्षांत एकदाबी नाही, पोरगी धडधाकट. जिभेच्या टोकावर. चांगलंच होतं की. पण "चांगलंबी नको" म्हटलं होतं आपानं. मी म्हटलं, "मले विचारू नका. चला, तिच्या आईकडं चला."

फूफीचा चेहरा पडला. "म्हणजे आहेच काहीतरी."

गप्प बसूनच मी लग्न मोडलं असं वाटलं. तरी पदर खोचला आन् तिले घेऊन भर उन्हात आपाच्या दारात गेली, साडेपाच आठवड्यांनी. म्हटलं, "आपा, ह्या राजूरच्या. मले विचारत होत्या. मी काही बोलली नाही. वाईट नाही, चांगलंबी नाही." आन् वळली.

"थांब," आपा म्हणाली. माझ्याकडं पाहून राह्यली. "सांग बाई. तूच सांग. मी म्हणते म्हणून सांग."

सांगतलं, चार वाक्यं. फूफीनं दोनदा उलटून विचारलं, दोनदा तेच सांगतलं. चहा झाला. "घरी बोलून कळवतो," म्हणून गेली.

शमीमनं मलेबी चहा दिला. तेव्हा सुचलं की हिची माफी तं मी मागितलीच नाही. मागितली. ती म्हणे, "इतके लोक माह्याबद्दल इतकं बोलले, बाई. माह्याशी बोलणाऱ्या तुम्ही पहिल्या." आपा आत गेली होती. मी निघाली तरी बाहेर आली नाही.

जी. शून्य. आज शून्य ठेवायला जीव अर्धा झाला.

बुध. ३ डिसें.

बायांची प्रार्थना. मार्थाबाईनं विचारलं, कोणाची विनंती? मी म्हणणार होती, एका घरासाठी. म्हटलं नाही. एक घर म्हटलं की या गावात सगळ्यांना घर कळते. म्हटलं, "माझ्या जिभेसाठी." आधी सगळ्या हसल्या. मंग केली प्रार्थना. मार्थाबाईचा आवाज सगळ्यात मोठा, आन् शेवटी हळूच "माह्याबी" म्हणाली.

नाताळच्या गाण्यांसाठी दानिएलकाकांनी मले पुढच्या रांगेत बसवलं. आवाज फाटकाच आहे. आज मीबी ऐकला.

रवि. ७ डिसें., सकाळ

राजूरचं अजून काही नाही.

पांढरं लुगडं नेसत होती. पहिली घंटा झाली तेवढ्यात मागं पत्रा खरडला. पाहते तं भगदाडात आपा.

"तुमचा दानिएलकाका काल दुकानावर हवा भरायला आलता. म्हणे, नर्सबाई दोन महिन्यांपासून तुमच्या देवाच्या घरी पेला पीत नाही. कोणाशी बिनसलं म्हणून. माह्यापायी का?"

"हाव."

"कायले?"

आमच्यात तसं आहे, म्हटलं. आधी मिटवायचं, मंग प्यायचं.

ती पाटीचा गंज बोटानं खरवडत राह्यली. मंग म्हणे, "माफ केलं असं मी म्हणत नाही. मनात येईन तवा येईन, खोटं कायले बोलू? पण माह्यापायी कोणी देवाच्या दारातून तहानलेलं वापस यावं, हे मले चालत नाही. जा. पी." जायला वळली, पुन्हा तोंड आणलं भगदाडात. "आन् माह्या पोरीचं नाव घे एकदा तिथं. मनात घे. तोंडानं नाही."

हाव, म्हटलं. ती कोंबड्यांकडं गेली.

दुसरी घंटा झाली. मास्तर जोडे घालून अंगणात उभे आहेत, दोनदा हाक मारली. पेल्याचं काय करायचं ते हातात आल्यावर पाहीन. शमीमचं नाव घेईन, मनात. पत्रा अजून बाजूलाच पडला आहे.