न पाहिलेलं कोर्दोबा

पिस्कॅटवे, अमेरिका, १२ एप्रिल २००४

तीर्थरूप नानांना वल्लरीचा नमस्कार.

माझी तब्येत चांगली आहे, प्रयोगही मार्गी लागलाय. तुमचा गुडघा कसा आहे?

माझं स्पेनचं पत्र तुम्ही महाराष्ट्रदिनी वाचनालयात वाचून दाखवणार, असं कळलं. नाना, ते वाचू नका. मी कोर्दोबाला गेलेच नाही.

परिषदेसाठी तिकीट काढलं होतं. पण पासपोर्टातला व्हिसा संपलाय. विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या, इथे राहायला हरकत नाही. पण देशाबाहेर गेलीस तर नवा मिळेपर्यंत परत येता येणार नाही. काहींचे त्यात महिने गेलेत. मी तिकीट कॅन्सल केलं.

मशिदीतल्या लाल-पांढऱ्या कमानी, नदीवरचा रोमन पूल, अंगणात भिंतीभर टांगलेल्या निळ्या कुंड्या, हे सगळं मी माझ्या रूममेटच्या, यामिनीच्या फोटोंवरून लिहिलं. ती म्हणते, "यार, मी पाहिलं म्हणजे तू पाहिलंस, एवढं काय!" पण चौथीपर्यंत घरी शिकवताना, न पाहिलेल्या नदीवरचा माझा निबंध तुम्ही मलाच फाडायला लावला होता. तरी लिहिलं, कारण तुम्ही नकाशात कोर्दोबाभोवती पेन्सिलीने गोल केला होता.

शार्दूलदादाच्या लग्नाची तारीख ठरली का? आई फोनवर माझ्या साडीचा रंग विचारते आणि मी विषय बदलते. घरी येणं म्हणजेसुद्धा इथून बाहेर जाणंच आहे, नाना.

साडी इतक्यात घेऊ नकोस, एवढं तिला तुम्हीच सांगा.

तुमची,
वल्लरी