उन्हाळीचं पान

पोकरण, ता. ६ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पांना गायत्रीचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. पाकीट बघून दचकू नका, आम्ही दोघं बरे आहोत. यांची पवनचक्कीवरची ड्यूटी चालू आहे. फोनवरच विचारलं असतं, पण तिथं अव्वा लेकीचा फोन म्हणून तुमच्या शेजारी कान लावून बसलेली असते.

दोन वर्षांपूर्वी बाळ गेलं तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत होते. आपल्या घरात तान्ह्या जिवाची जागा आईला दाखवत नाहीत, वर दगडही ठेवत नाहीत. तुम्ही एवढंच सांगितलं होतं, की माळावर तिला ठेवलं तिथं जांभळ्या फुलांचं एक बुटकं झुडूप आहे.

परवा क्वार्टरमागं वाळूत तसलंच भुईला धरून वाढलेलं झाड दिसलं. वाटाण्यासारखं फूल, बारीक शेंगा. मी तिथंच बसले. डहाळी दाबून पाठवतेय. हे तेच आहे का, अप्पा? तेच असलं तर मला इथं बसायला एक जागा होईल.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची
गायत्री


जळकोट, ता. २५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. गायत्री हीस अप्पाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखंच आहे. जावईबापूंना वाचून दाखवावं लागत असेल. अव्वाला विम्याचा कागद आलाय म्हणालो.

डहाळी घेऊन माळावर गेलो. आपल्या झुडपाला उन्हाळी म्हणतात. तिची ओळख फुलावर न्हाय, पानावर. बारकं पान दोन्ही टोकं धरून ओढलं, की सरळ फाटत न्हाई, बाणाच्या पिसासारखं तिरपं तुटतं. लहानपणी तू असली पानं फाडून ओसरीभर करायचीस, अन् झाडताना अव्वा माझ्याच नावानं खडे फोडायची.

तुझं पान पाण्यात भिजवून ओढलं. सरळ फाटलं. दुसरं ओढलं, तेही सरळ. शेंगही आखूड, आपली लांबट, चपटी. हे झाड निळीच्या गोतातलं दिसतंय. भावकी एक, घर येगळं. पोरी, हे ते न्हाई.

हो म्हणून टाकावं असं लई वाटलं. तू कुठं माळावर येऊन ताडून बघणार होतीस? पण तिला ह्या हातांवर नेलं होतं मी. तिच्या जागेबद्दल खोटं लिहायला हात धजंना.

आणखी एक. झुडपाभोवती कुणीतरी आळं केलंय, माती ओली होती. उन्हाळीला कोण पाणी घालतं? घरी येऊन बघतो तर अव्वाच्या तांब्याच्या बुडाला मुरूम चिकटलेला. मी तिला जागा कधी सांगितली न्हवती. माझ्या मागं मागं आली असंल. मीही विचारलं न्हाई.

त्याच झुडपाचं बी काडेपेटीत घालून पाठवलंय. टरफल टणक असतं, गरम पाण्यात भिजवून मग टाक. तुझी जागा तूच कर.

जेवत जा. रागावलीस तरी पत्र टाक, अबोला धरू नको.

तुझा
अप्पा


पोकरण, ता. २० नोव्हेंबर २०२४

ती. अप्पांना व अव्वाला शि. सा. नमस्कार.

वि. वि. यावेळी दोघांचं नाव घातलंय. हे पत्र अव्वाला वाचून दाखवा. तिला म्हणावं, गायत्रीला कळलं. तांब्या लपवू नको, अन् भरलेला तांब्या घेऊन एकटी चढ चढू नको.

तुम्ही हो लिहिलं असतं तर मी मानलं असतं, अप्पा. पत्र वाचून मागच्या झाडाकडं गेले, सगळी पानं ओढून बघितली. एकही तिरपं तुटलं नाही. मग खूप रडले. हे शेजारी वाळूत येऊन बसले. तिच्यासाठी आम्ही दोघं एकत्र रडलो ते पहिल्यांदाच.

बी पेरायला म्हणून पाणी गरम केलं होतं. काडेपेटी उचलली, तर आत बी वाजलं. पाणी तसंच निवून गेलं. आता पेटी उशाशी असते. कधी मी हलवते, कधी हे.

बी टाकलं नाही म्हणून रागावू नका. तिला खुळखुळा आणायचा राहून गेला होता.

तुमचीच
गायत्री