हँडल मी मारायचो

२ मार्च

नाय झाली चालू! सकाळपासून हँडल मारून खांदा भरून आला, फियाट ढिम्म. शेवटी बॉनेटवर एक थाप हाणली आणि आत येऊन पडलो.

सगुणा जाऊन दीड महिना झाला. छातीत कळ आली म्हणाली, आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. पेणच्या संग्रहालयात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, तिथे आपली गाडी न्यायचं तिनेच ठरवलेलं. अख्ख्या वरसे गावात सांगत फिरली! नोंदवायला आमच्या पोराला, हितेशला फोन करायला लावला, कारण गाडीमालक म्हणून माझं नाव सांगावं लागलं असतं. लग्नापासून तिच्या तोंडून माझं नाव कधी ऐकलं नाय. उखाण्यातपण नुसतं पुटपुटली. सगळं 'अहो'वर भागवलं.

गाडी स्वतःच्या इंजिनावर यायला पाहिजे, टेम्पोत घालून आणलेली घेत नायत. तेवढं तिचं एक काम राहिलंय माझ्याकडे.

४ मार्च

गाडीचा सेल्फ कधीच गेला. भाग मिळत नाय. म्हणून दोन माणसं लागतात – मी पुढे हँडलला, सगुणा आत. चोक ओढून ती अ‍ॅक्सिलेटर दाबायची. पेट्रोल कमी पडलं तर पकडत नाय, जास्त झालं तर ओव्हर होते, मग बसा हात चोळत. तिचं माप कधी चुकलं नाय. काचेमागे तिचे ओठ हलायचे, मग बोट वर, आणि मी हँडल मारायचो. एका दमात चालू!

जन्मभर 'काळुराम गॅरेज' चालवलं, आणि ते माप मला ठाऊक नाय. विचारायची गरजच पडली नाय, ती होती ना.

देवाचं काहीतरी म्हणत असेल असं मी धरून चाललो. एकदा चिडवलं, "गणपतीला पेट्रोल पाजतेस काय गो?" लाजून तोंड फिरवलं तिने.

७ मार्च

हितेश शिफ्ट करून आला तरी बसला बिचारा. धाडधाड पाय मारले – ओव्हर! मी नको ते बोललो त्याला. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, माझीपण आई गेलीय."

मग गॅरेजातला माझा जुना सोबती जनू येऊन गेला. त्यालाही जमलं नाय. सूनबाई ऋतुजा दारात उभी होती. काहीतरी सांगायला पुढे आली, आणि तशीच परत आत गेली.

१० मार्च

सीट सगुणाने पुढे ओढून ठेवलेली, बुटकी होती ना. मी आत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. मागे सरकवली नाय.

१३ मार्च

होळी. आमच्याकडे यंदा सण नाय. हितेश म्हणतो, संग्रहालयाला कळवून टाका, नाय जमत म्हणून. बरोबर आहे त्याचं. मागीलदारी जाऊन रडलो. मोठ्याने रडलो, खोटं कशाला लिहू?

१५ मार्च

फोन हातात घेतला तशी ऋतुजा आली. खाली बघत म्हणाली, मी बसू का एकदा? आईंचे गुडघे दुखायचे, म्हणून त्यांनी दिवाळीत मला शिकवून ठेवलंय.

मग इतके दिवस तोंडाला कुलूप का घातलंस, म्हटलं. लाजेने नुसती लाल झाली.

आत बसून तिने ओढणी तोंडावर धरली. ओढणी हलली. बोट वर आलं. मी हँडल मारलं.

चालू!! एका दमात!

मी तिथेच गाडीपुढे खाली बसलो. हँडल हातातच.

१६ मार्च

जाऊन आलो पेणला. हितेशला सुट्टी नाय, मी आणि ऋतुजाच. संग्रहालयाच्या आवारात ही गर्दी! लोकांनी तीनदा गाडी बंद करायला लावून तीनदा हँडल मारून दाखवायला लावलं. तिन्ही वेळा ओढणी तोंडावर, तिन्ही वेळा चालू. माणसं टाळ्या वाजवत होती आणि मला कुठे बघावं कळेना. सगुणा असायला पाहिजे होती. दुसरं काय लिहू.

येताना नागोठण्याला चहाला थांबलो. गाडी चालूच ठेवली. विचारलं, आत बसून काय म्हणतेस गो पोरी?

कप फिरवत राहिली. मग म्हणाली, "आईंनी सांगितलेलं, नाव एकदा, पाय एकदा. सावकाश. असं तीनदा. पण ते नाव मी तुमच्यापुढे कसं घेऊ, बाबा?"

"कुणाचं नाव?"

"तुमचं."



१७ मार्च

सीट पुढेच ठेवली, तसाच अडकून बसलो. चोक ओढला. काळुराम – पाय. काळुराम – पाय. काळुराम – पाय. बोट वर केलं.

काचेपलीकडे, हँडलला, कोणी नाय.