घरचं माणूस मागे

४ जुलै, शनिवार

बंगळूर आवडलं बुवा! नागपूरच्या घामातून सुटलो. मारतहळ्ळीचा फ्लॅट म्हणजे काडेपेटी आहे, पण मुग्धाने पडदे लावले, दारात रांगोळी काढली, शेजारच्या अक्कांशी गट्टीही जमवली. मला डोंगर चढणारी मंडळी भेटली. त्यांचे मुख्य रघुपती अण्णा, चामराजपेटचे. घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठीत निम्मी कानडी. तीन पावसाळ्यांपूर्वी त्यांची बायको वसुमती डोंगराच्या धारेवर धुक्यात हरवली, ती सापडलीच नाही. तरी माणूस दर पावसाळ्यात तिथेच लोकांना नेतो. मानलं पाहिजे.

उद्या त्या धारेवर म्होरक्या मी! पुण्यात शिकताना गड पालथे घातलेत हे ऐकून अण्णांनीच गळ घातली. त्यांची रीत मजेशीर आहे. धुक्यात प्रत्येकाने पुढच्याच्या सॅकचा पट्टा धरायचा. म्होरक्याने वळायचं नाही, अरुंद वाटेवर तोल जातो. नुसती हाक द्यायची. शेवटच्याने ‘सरी’ म्हणायचं, म्हणजे ठीक, आणि ती ‘सरी’ एकाने दुसऱ्याला देत पुढे पोचवायची. शिवाय म्होरक्याच्या घरचं माणूस सगळ्यात मागे. म्हणजे तो बाकीच्यांना टाकून पळत नाही. मुग्धा म्हणाली, चला, एक दिवस तरी तुला माझी काळजी करावी लागेल.

५ जुलै, रविवार

लिहिलं नाही तर वेड लागेल.

सकाळी आभाळ काळंकुट्ट होतं. मी म्हटलं, परत फिरू. अण्णा हसले, ‘स्वल्प पाऊस आहे रे, एवढंच.’ मीही बढाईखोर, निघालो. वर वारा असा की उभं राहवेना. धुक्यात स्वतःचे बूट दिसेनात. मी हाका देत होतो आणि दर वेळी ‘सरी’ येत होती. एकदाही चुकली नाही.

खाली टपरीपाशी वळून पाहिलं. निघताना मुग्धाच्या पुढे अण्णा होते. आता त्यांच्या सॅकचा पट्टा धरून उभी होती एक दुसरीच बाई. निथळणारी, कपड्यांच्या चिंध्या झालेली. अण्णांनी तिला छातीशी धरलं आणि ‘वसू, वसू’ करत रडायला लागले. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. कुणी शाल दिली, कुणी कॉफी. माझी बायको कुठाय, असं ओरडणारा मी एकटा.

मधल्यांना धरून विचारलं. वाऱ्यात मागचं काही ऐकू येत नव्हतं, म्हणाले. मग ‘सरी’ कशी दिलीत? थंडी वाजत होती, लवकर उतरायचं होतं.

८ जुलै

पोलीस धार पालथी घालून आले. काही नाही. तिचा पिवळा रेनकोटसुद्धा नाही.

अण्णांच्या घरी गेलो, गचांडी धरली. ते शांत. म्हणाले, ती धार एक माणूस ठेवते. नवं मिळालं की जुनं सोडते. म्होरक्याच्या घरचंच लागतं, दुसरं कुणी चालत नाही. आधी सांगितलं असतं तर तू आणलं असतंस का तिला? आत वसुमती अक्का चपात्या लाटत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

निघताना अण्णांनी खांद्यावर हात ठेवला. तुला भाऊ आहे ना, म्हणाले. लग्न झालंय ना त्याचं?

१२ जुलै

देवव्रत आणि केतकी आले. माझा धाकटा भाऊ मला बिलगून लहान मुलासारखा रडला. केतकीने आल्या आल्या स्वयंपाक केला, मला बळेबळे दोन घास भरवले. वहिनी सापडतील, म्हणाली.

शोधायला आपणच जाऊ, मी म्हटलं. देवा, पुढे तू हो. रीत सांगितली. घरचं माणूस मागे. केतकी लगेच तयार झाली.

मी नीच आहे. पण मुग्धा तिथे एकटी आहे.

१८ जुलै

उद्या. अण्णांची मंडळीही येणार. पाऊस जोरात आहे. बरंच आहे.

केतकीने मला नवे मोजे आणलेत. पाय गार पडू नयेत म्हणून.

१९ जुलै

मोबाइलवर लिहितोय. बोटं वळत नाहीत.

धारेच्या तोंडाशी देवा म्हणाला, केतकीला नको मागे ठेवायला, ती नवखी आहे. दादा, माझ्या घरचं माणूस तूच की. तू मागे असलास म्हणजे मला घोर नाही.

नाही कसं म्हणू? का, ते सांगावं लागलं असतं. अण्णा बघत होते. हसले नाहीत. नुसती मान हलवली.

केतकीच्या सॅकचा पट्टा धरून चाललो. धुकं. मग माझ्या हातावर गार हात. एकेक बोट सोडवलं. पिवळी बाही—

मुग्धाच. मी हाक मारली. तिने पाहिलं माझ्याकडे. ओळखलं. पट्टा तिने धरला, मला कोपराने बाजूला—

पाय उचलत नाहीत. आवाज फुटत नाही. त्यांची पावलं पुढे—

देवाची हाक आली. मंडळी?

सरी, मुग्धा म्हणाली. सरी, केतकी म्हणाली. पुढे, आणखी पुढे—

देवा, वळून बघ. एकदाच व