चोर खाली राहतो

३ मार्च, रविवार

साडूने आज माझा अपमान केला. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला, भरल्या घरात. सासऱ्यांना मोबाइलवरची अक्षरं मोठी करून हवी होती. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, कारण थोरला जावई मी. मी चष्मा पुसेपर्यंत साडू म्हणाला, "बाबा, त्यांच्याकडे नका देऊ, फोन अरबीत बोलायला लागेल!" अख्खं घर हसलं. हीसुद्धा. हिचं हसू नाकातून येतं, लांबून ओळखू येतं.

साडू इंजिनिअर आहे. राहतो आमच्याच इमारतीत, बरोब्बर आमच्या पायाखाली. दोघी बहिणींना जवळजवळ राहायचं होतं. साडवांना कोण विचारतो?

संकल्प: सूड. पण थंड डोक्याने.

४ मार्च, सोमवार

स्टोअरमध्ये दिवसभर विचार केला. माझ्या सहीशिवाय कारखान्यातून साधा वॉशर बाहेर जात नाही, आणि हा मला मोबाइल शिकवणार!

सूड सुचला नाही. डोकं फार थंड असावं.

संध्याकाळी नेटवर बुद्धिबळ. ऐन रंगात डाव गोठला. माझा वजीर गेला होता, पण सामना माझ्या हातात होता. नेट इतकं मंद कसं? गेल्या वर्षी केबलवाल्याला फोनवर असा झापला होता, "एक पैसा देणार नाही, काय करायचं ते कर!" त्यानंतर मध्ये दोन दिवस बंद पडलं आणि मग जे सुसाट सुटलं ते आजपर्यंत. माणसं धाकानेच चालतात.

मग आताच मंद का? कोणीतरी आपलं नेट चोरतंय.

कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

५ मार्च, मंगळवार

लेकीला आडून विचारलं, आपलं नेट कोण कोण वापरतं हे समजतं का? ती म्हणाली, हो, ब्राउझरमध्ये एक नंबर टाकायचा, मॉडेमचं सेटिंगचं पान उघडतं, त्यात सगळी यादी असते. मग एकदम सावध झाली. म्हणाली, "बाबा, तुम्ही हात लावू नका हं. पुढच्या मंगळवारी माझा इंटरव्ह्यू आहे, व्हिडिओवर."

हात कोण लावतंय? नुसतं बघणार.

६ मार्च, बुधवार, सकाळी

मॉडेम चपलांच्या कपाटावर आहे. उलटा करून तळाच्या लेबलवरचा पासवर्ड उतरवून घेतला. ऑफिसच्या लॅपटॉपवर पान उघडलं. पासवर्ड चुकीचा म्हणे! पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. लेबल छापणाऱ्यांचा गलथानपणा. माझ्या स्टोअरला असता तर मेमो दिला असता.

मग अक्कल लढवली. दोन्ही रकान्यांत 'admin' टाकलं. उघडलं! याला म्हणतात उपजत बुद्धी.

खात्री करायला मॉडेमचं बटण बंद केलं. पान तसंच उघडं. नेटही चालू. म्हणजे यंत्राने मालक ओळखला. आता बटणाचीही गरज नाही.

७ मार्च, गुरुवार

यादी बघितली.

आमचे तीन फोन ठीक; माझ्या लॅपटॉपपुढे नावाऐवजी नुसतं 'This device', तोही ठीक. पण खाली एक भला मोठा टीव्ही! आमचा टीव्ही म्हणजे खोकं, त्याला नेट माहीतच नाही. साडूने गेल्या वर्षी घेतला तोच हा, भिंतभर. त्याच्याखाली टॅबलेट, आणखी दोन फोन. आणि त्याच्याखाली, स्वच्छ अक्षरांत, वॉशिंग मशीन.

या माणसाला कपडे धुवायला नेट लागतं! आणि तेही माझं!

पंचाहत्तरीला हसला तेव्हा अंगातला पांढराशुभ्र शर्ट माझ्या नेटवर धुतलेला होता.

८ मार्च, शुक्रवार

प्रत्येक नावापुढे 'ब्लॉक' असं बटण आहे. इतकी सुबक सोय मी आयुष्यात पाहिली नाही.

आधी मशीन ब्लॉक केलं. टीव्ही राखून ठेवला. घास सावकाश चावून खावा.

९ मार्च, शनिवार

जिन्यात साडू भेटला. हातात पिळलेल्या कपड्यांची बादली, बाह्या भिजलेल्या. म्हणाला, "काय सांगू साडूभाऊ, मशीन फोनचं ऐकेनासं झालंय."

मी म्हणालो, "हल्ली कोणाचा भरवसा धरावा!"

त्याला टोमणा कळला नाही. इंजिनिअर कसले हे.

दुपारी क्रिकेट. शेवटची ओव्हर येईपर्यंत दम धरला. मग टीव्हीवर ब्लॉक दाबलं. खालून "अरे!" असा आवाज आला. नुसता "अरे" नाही, त्याला शेपूट होतं. इतकं गोड संगीत मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. हिने विचारलं, एकटेच काय हसताय? म्हटलं, जुना विनोद आठवला.

१० मार्च, रविवार

सूड अर्धवट ठेवू नये. आज नेटचं नावच बदललं. शेजारीपाजारी कोणीही फोन उघडला की दिसेल असं: CHOR KHALI RAHTO. चोर खाली राहतो. पासवर्डही बदलला. सेटिंगच्या पानालाही तोच नवा पासवर्ड दिला, म्हणजे शत्रूला कुठूनही शिरकाव नको. पासवर्ड ठेवला 'साडूला धडा', इंग्रजी अक्षरांत. आता घरात नेट हवं असेल त्याने माझ्यासमोर यावं, नीट विचारावं. मी देईन. मी काही वाईट माणूस नाही.

संध्याकाळी

पासवर्ड लागत नाही.

'धडा'मध्ये एक a की दोन? मोठी अक्षरं की छोटी? सगळं करून पाहिलं. सेटिंगचं पानही आत घेत नाही. यंत्र थकलं असावं. विश्रांती दिली.

११ मार्च, सोमवार

घरात नेट नाही. लेक येरझारा घालतेय. तिच्या फोनला आमच्या घरात रेंज धड येत नाही. मी म्हणालो, सरकारी अडचण असेल. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

खालीही नेट बंद आहे, असं हिला बहिणीकडून कळलं. वा! म्हणजे चोरी सिद्धच झाली. माझं बंद होताच त्याचंही बंद!

एक छोटी गुंतागुंत. तळमजल्यावरच्या डेंटिस्टने नेटचं ते नाव वाचलं. आमच्या सगळ्यांच्या खाली तोच राहतो. त्याला वाटलं, त्यालाच म्हटलंय. दर मजल्यावर जाऊन विचारत होता, "मी कोणाचं काय चोरलं?" मी म्हणालो, लोकांना उद्योग नाहीत हो. त्याने माझी हिरडी सुजलेली आहे हे जाता जाता सांगितलं.

नाइलाजाने केबलवाल्याला फोन केला. खडसावूनच. तो म्हणाला, "काका, तुमचं कनेक्शन मी मागच्या ऑगस्टमध्येच कापलंय. तुम्हीच म्हणालात ना, काय करायचं ते कर?"

धडधडीत खोटं बोलतो. सात महिने मग मी काय हवेवर बुद्धिबळ खेळत होतो? मनात जुना डूख धरून बसलाय. याचाही नंबर लावतो. आधी साडू, मग हा.

१२ मार्च, मंगळवार, दुपारी

लिहावं की नाही कळत नाही. पण ही वही माझीच आहे.

सकाळी लेक इंटरव्ह्यूचे कपडे घालून तरातरा खाली उतरली. मी खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या कडेला झाडाखाली साडूची गाडी उभी, आणि माझी पोटची पोर तिच्या मागच्या सीटवर! शत्रूच्या गोटात! समोर तिचा फोन टेकवलेला, शेजारी साडूचा फोन. त्याच्या फोनचं नेट तिने घेतलेलं. साडू स्वतः भर उन्हात रस्त्यावर उभा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात जोडून हॉर्न वाजवू नका म्हणून विनवत होता. टेम्पोवाल्याने शिवी दिली, तीही त्याने हात जोडूनच घेतली. टेम्पो पुढे गेल्यावर काचेतून वाकून लेकीला अंगठा दाखवला.

मी हिला म्हणालो, "बघ, कसा छाप पाडतोय. आपलं नेट चोरायचं आणि वर उपकार करायचे!"

ही कणीक मळत होती. थांबली. म्हणाली, "कुठलं आपलं नेट?"

मग सगळं बाहेर आलं. केबलवाल्याने खरंच कापलं होतं. मी कुणाला पुन्हा फोन करू देणार नाही, हे हिला माहीत. म्हणून ही खाली गेली. साडूने एका शब्दाने विचारलं नाही, पासवर्ड दिला. वर एवढंच म्हणाला, "भाऊंना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल." तेव्हापासून आम्ही त्याचंच वापरतोय. चपलांच्या कपाटावरचा मॉडेम नुसते दिवे लावून बसलाय.

मी म्हणालो, अच्छा.

ही म्हणाली, "ते चोराचं नाव तुम्हीच ठेवलंत ना?"

मी म्हणालो, कोणतं नाव?

ही नाकातून हसली नाही. अजिबातच हसली नाही. ते जास्त वाईट.

१४ मार्च, गुरुवार

लेकीची नोकरी पक्की. पेढे आधी खाली गेले, मग वर आले.

कंपनीचा माणूस आलाच नाही, तेव्हा साडूने स्वतःच्या मॉडेमच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून सगळं मुळापासून नवं केलं. त्याच्या मते हे मोठ्या हॅकरचं काम आहे. "साधासुधा माणूस नाही हा, साडूभाऊ. पद्धतशीर आहे." मला उगीच बरं वाटलं. पण लगेच म्हणाला, "फक्त डोकं कमी आहे."

या वाक्याचा हिशेब राहिला.

खरं सांगून टाकावं असं एकदा मनात आलं. पण कार्य आनंदाचं. कशाला विरस करा?

१७ मार्च, रविवार

साडूने सगळ्यांना जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर म्हणाला, आता यादी एकदा मोकळेपणाने तपासून टाकू, हॅकर पुन्हा शिरला असेल तर इथेच सापडेल. फोन हातात घेऊन एकेक नाव मोठ्याने वाचू लागला. मेहुणी, लेक, ही, जो तो "माझा, माझा" म्हणत होता. मशीनचं नाव आलं तेव्हा सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांच्या आधी.

मग तो थांबला. "हे STORES-2 कोणाचं?"

ऑफिसच्या लॅपटॉपचं आतलं नाव असं आहे, हे मला आज कळलं. लेकीने काल न सांगता त्यात नवा पासवर्ड घालून दिला होता. गुणी पोर आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते. निदान मला तसं वाटलं. साडूच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मेहुणी म्हणाली, "भावजी, तुम्ही स्टोअरमध्येच ना?"

मी म्हणालो, "स्टोअर्स काय, जगात हजार असतात. माझं नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग हाच तो!" साडू म्हणाला, आणि उठून त्याने फोन माझ्या हातात दिला. "थोरले तुम्ही. मान तुमचा. ब्लॉक तुम्हीच दाबा."

दाबलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिच्या सगळ्यात मोठ्या.