दुसऱ्याची पात

माय, आज दर्यापूरजवळच्या एका कपाशीच्या, तुझ्या भाषेत पऱ्हाटीच्या, रानात आम्ही चार ड्रोन फवारणीला सोडले. तू असतीस तर डोळ्यांवर पदर धरून म्हणाली असतीस, "हे भुंगे काहून सोडून राहिली वं?" त्यांची बॅटरी फार थोडा वेळ टिकते, आणि ती पुरवून वापरायला शिकवणं हेच माझं काम. वाऱ्याविरुद्ध कोणी जायचं, फुकटचं वळण कुठे टाळायचं, हे ते आपसांत ठरवतात. एकाची बॅटरी उतरली की तो शेजाऱ्याला कळवून जीपकडे परततो आणि शेजारी त्याच्या उरलेल्या ओळी उचलतो. अकोल्याच्या ऑफिसात या युक्तीला भलंथोरलं इंग्रजी नाव आहे. मी तिला पात म्हणते.

निंदणाला बाया ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या वाट्याला आपली ओळ, आपली पात. तुझी सगळ्यांच्या आधी संपायची. मग घटकाभर टेकावं की नाही? पण तू मागे पडलेल्या मावशीच्या पातीला समोरच्या टोकाकडून लागायचीस. मी डबा घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी आहे, ओरडते आहे, "माय, थकली नाही का वं?" तू मान वर न करता म्हणतेस, "मले काय धाड भरली?" अंगात ताप असला तरी हेच उत्तर.

त्या शेवटच्या दिवशीही मावशीनं विचारलं होतं. छातीवर हात ठेवून तू तेच म्हणालीस, तिची पात पुरी करायला वाकलीस आणि तिथेच कोसळलीस. मी अमरावतीला कॉलेजात होते. मावशी अजूनही भेटली की रडते. "मले सांगतलं असतं त म्या तिले वाकू देल्लं असतं का?"

मला तुझा राग येतो, माय. निर्जीव यंत्र, तेही दमलं की सांगतं. तुला एक शब्द जड झाला? तुझी पात उचलायला साऱ्याजणी शेजारीच होत्या ना.

माझे ड्रोन गरजेपेक्षा जरा लवकरच परततात. चार्ज वाया जातो म्हणून साहेब कुरकुरतात, मी उन्हाचं कारण सांगते. खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार नाही, तुला वाचता तरी कुठे येत होतं. पण परवा घरी बॅटऱ्यांची पेटी उचलताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. लेकीनं विचारलं, "आई, बरं नाही का?" आणि मी, इतकी वर्षं शहरात राहिलेली, तुझ्याच बोलीत म्हणाले, "मले काय धाड भरली?"