उपाय क्रमांक सात

भाजे, सोमवार

तीर्थरूप अंबाजीमामांस माऊलीचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? शालूमामींचा खोकला थांबला का? कुरवंड्याला वारा फार, त्यांनी कानाला रुमाल बांधावा. आम्ही इकडे सुखरूप आहोत (कालपासून. त्याआधीचे तीन दिवस नव्हतो, त्याचंच हे पत्र).

शनिवारी तुम्ही लोणावळ्याच्या बाजारातून चार वेळा फोन केलात, लागला नाही, आणि दूधवाल्याबरोबर ‘लेखी खुलासा दे’ असा निरोप धाडलात. तुमचा राग रास्त आहे. औंढ्याचं स्थळ तुम्ही आणलंत. रविवारी बारापर्यंत मुलगी, प्रेरणा, स्वतः मला फोन करील, लागला नाही तर नकार समजावा, हे तिच्या वडिलांनी, सखारामभाऊंनी, तुम्हालाच सांगितलेलं. आणि नेमकी गुरुवारी दुपारी माझ्या फोनवर पाटी आली, ‘सिम कार्ड नाही’. (दर गुरुवारी मी फोन साफ करतो. सिमचा ट्रे बाहेर काढून कापसाने पुसत होतो, तेवढ्यात चिमाआत्याने जेवायला हाक मारली. आत्या दुसरी हाक मारत नाही, ताट उचलते. पण ट्रे मी परत बसवला होता, याबद्दल माझी तेव्हाही खात्री होती आणि आजही आहे.)

आठवीला शाळा सुटली तरी पद्धतशीर काम करण्याची सवय सुटलेली नाही. मळवलीत सत्यमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने इंटरनेटवरून सात उपाय कागदावर उतरवून दिले. (त्याने ‘सीम’ लिहिलं होतं. ती वेलांटी मी आधी ऱ्हस्व केली आणि मगच कामाला लागलो.) पहिला उपाय, फोन बंद करून चालू करणे. हा मी नऊ वेळा केला, कारण किती वेळा ते कागदावर नव्हतं. दुसरा, विमान मोड लावून काढणे. आत्या म्हणाली, “कुटं निगालास?” तिसऱ्यात फोन अपडेट करायचा होता, म्हणून शुक्रवारभर शेजारच्या फार्महाऊसच्या कुंपणाला टेकून त्यांचं वायफाय घेतलं (माळ्याला विचारून). चौथा, तारीख-वेळ तपासणे. बरोबर होती. पाचव्यात नेटवर्कची सेटिंग पुसली. सहावा, अख्खा फोन कोरा करणे. त्याआधी दोनशे बारा नंबर मी वहीत उतरवले, अपासून ज्ञपर्यंत (ज्ञमध्ये एकच, ज्ञानोबा वेल्डर). त्यात शनिवार गेला.

सत्यम येऊन बघून गेला. म्हणाला, “आरं, त्यो बोंबलून सांगतुया कार्ड न्हाई. मग कार्ड हाय का ते बग की आदी!”

मी म्हणालो, “तो सातवा उपाय आहे.”

“तुझं लगीन झालं मंग,” म्हणून तो गेला.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी रीतसर सातव्या उपायावर आलो. सेफ्टी पिनने ट्रे उघडला. ट्रे रिकामा. मामा, तीन दिवस फोन खरं बोलत होता!

गाद्या झटकल्या, केरसुणी तपासली, कोंबड्यांचं खुराडं पाहिलं. साडेअकरा झाले. शेवटी देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि सवयीने टाक मोजले. आपल्याकडे चार टाक. भरले पाच. पाचवा लहान, सोन्यासारखा चकचकीत, वर हळदकुंकू आणि झेंडूची पाकळी.

“आत्या, हा कोणता देव?”

“खंडोबा न्हाई का! गुरवारी हितं भुईवर घावला. पालथा पडलावता बिचारा. तवापास्नं रोज दुधानं आंगूळ घालतीया.”

मी हात पुढे केला, तर म्हणाली, “पारोसा शिवू नगंस.”

मग थंड पाण्याने अंघोळ केली (घाईतही कानामागे चोळलं), देवाची क्षमा मागितली, कार्ड कोरडं पुसून ट्रेमध्ये ठेवलं. अकरा बावन्नला चारही काड्या उभ्या! आत्याने स्वतः फोनला कुंकू लावलं. (दर गुरुवारी कार्ड परत अंघोळीला द्यायचं, या अटीवर तिने ते सोडलं आहे. तरी गुरुवारी सकाळी नऊपर्यंत मला फोन करू नये.) आणि अकरा सत्तावन्नला फोन वाजला. प्रेरणाच! सातही उपाय यशस्वी झाले, हा माझा लेखी खुलासा.

आपला आज्ञाधारक भाचा,
माऊली

ता. क. – तिने पहिलंच विचारलं, “तीन दिवस फोन कुठं होता?” मी सातही उपाय क्रमाने सांगितले, एकोणीस मिनिटं. ती म्हणाली, “सातवा आधी का नाही केलात?” मी म्हणालो, “तो सातवा होता.” त्यावर ती खूप वेळ हसली आणि “ठेवते” म्हणाली. मामा, हे पत्र खरं तर त्यासाठीच. औंढ्याला जाऊन ते हसणं होकाराचं होतं की दुसरं, एवढं हळूच विचारून यावं.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवता चिकटवता परत तिचा फोन आला. सखारामभाऊंचा फोन सकाळपासून ‘सिम कार्ड नाही’ म्हणतोय. “कागद घेऊन या रविवारी,” म्हणाली, “आणि जेवूनच जा. घाई नका करू, पहिल्यापासून सुरू करा.” तेव्हा हसण्याबद्दल आता काही विचारू नये. त्यांचा देव्हारा कोणत्या खोलीत आहे, तेवढं मात्र कळवावं.